सुट्टी डायनोसॉरच्या खोदकामावर

लेक किंवा मुलगा अमेरिकेत असलेली घरं पुण्यात गल्लोगल्ली आहेत. उन्हाळ्यात आजी-आजोबा तिकडे जातात, नायगारा पाहून येतात. घरात डायनोसॉरने झपाटलेलं नातवंड असेल, तर त्यांनी वायोमिंग किंवा मोंटानाचा बेत जरूर आखावा. तिथली काही संग्रहालयं पैसे भरून आलेल्या कुटुंबांना खऱ्या उत्खननावर नेतात. थर्मोपोलिस गावचं डायनोसॉर सेंटर तर एका दिवसाच्या खोदकामासाठी प्रसिद्ध आहे.

तिथे जीवाश्म शोधताना आधी कुदळ मारत नाहीत, आधी चालतात. ओसाड टेकड्यांचा मऊ खडक पावसाने झिजतो आणि आतल्या हाडांचे तुकडे उतारावरून घरंगळतात. ओघळीतून वर चढत त्या तुकड्यांचा माग काढायचा. ते जिथे दिसेनासे होतात, त्याच्या आसपास मूळ हाड असण्याची शक्यता मोठी. हातातला तुकडा हाडाचा की साध्या दगडाचा? मोडलेल्या कडेवर बारीक जाळी दिसली, तर बहुधा हाडच. जुनेजाणते तो जिभेलाही लावून पाहतात, कारण सच्छिद्र हाड जिभेला चिकटतं.

मग दाभण, छोटी करणी, ब्रश. भेगांमध्ये पातळ चिकटद्रव्य सोडून ठिसूळ हाड घट्ट करतात. भोवतीची माती कोरून ते एका ओट्यावर उभं ठेवतात, त्यावर ओला कागद आणि प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या चढवतात. मोडलेल्या हाताला घालतात तसंच हे प्लास्टर.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते उचलण्याआधीचं काम. दोरीने चौकोन आखायचे. हाड कुठल्या चौकोनात, किती खोल, कुठल्या दिशेला तोंड करून आहे, हे कागदावर काढायचं. प्राणी तिथेच मेला की पुराने हाडं वाहून आणली, हे त्या नकाशावरून उमगतं. नोंद न करता उपटलेल्या हाडाला हे काही सांगता येत नाही. दहा वर्षांची मुलगी हे काम मोठ्यांच्या बरोबरीने करू शकते.

मग वेताळ टेकडीवर खणलं तर? तिथे हाडं मिळणार नाहीत. पुण्याचा काळा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. डायनोसॉर संपले तो काळ हाच, पण हाडं टिकतात ती गाळात, तापलेल्या लाव्ह्यात नाही. आपल्याकडे तो गाळ मिळतो लाव्ह्याच्या खाली, लॅमेटा थरांत. जबलपूरला याच थरांत १८२८ मध्ये ब्रिटिश अधिकारी विल्यम स्लीमन यांना भारतातली पहिली डायनोसॉर-हाडं सापडली. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला हाडं आणि अंडी मिळाली, आता तिथे संग्रहालय आहे. पुण्याहून सहकुटुंब जायला ते उत्तम.

आणि आपलं चंद्रपूर! तिथल्या डोंगरगावात इसिसॉरस या लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा मिळाला. जवळच्या पिसदुऱ्यात अशाच प्राण्यांची दगड झालेली विष्ठा सापडते. तिच्यात गवताच्या पेशींमधले सिलिकाचे सूक्ष्म कण आढळल्याचं संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं, हा तोवरचा समज विदर्भातल्या शेणाने मोडला. पुढे २०११ मध्ये त्याच कणांत भाताच्या जवळच्या गवतांचीही ओळख पटली.

तिकडे फिरताना असं काही दिसलं, तर ते खिशात टाकू नका. शेजारी पेन ठेवून फोटो काढा, मोबाइलवर जागेची नोंद घ्या आणि विद्यापीठातल्या भूशास्त्र विभागाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.