भोक पाडलेल्या मोठ्या मत्स्यटाकीवरील कॅनिस्टर फिल्टरची जोडणी

मत्स्यटाकीच्या काचेला भोके पाडून त्यांत टँक निपल (काचेतून पाणी नेणारे आट्यांचे जोड) बसवायचे आणि त्यांतून पाणी कपाटातल्या कॅनिस्टर फिल्टरपर्यंत नेऊन परत आणायचे, अशी ही पद्धत. पाच-सहा फुटी टाक्यांसाठी ती सोयीची. काठावरून लोंबणाऱ्या नळ्या नाहीत आणि फिल्टर उघडल्यावर पाणी पुन्हा ओढून घेण्याची खटपटही नाही, कारण भोकातून ते आपोआप खाली उतरते.

कॅनिस्टर हा हवाबंद डबा असतो. टाकीतून डब्यात व डब्यातून टाकीत पाण्याची अखंड धार असल्याने उतरणारे पाणी चढणाऱ्याला तोलून धरते. पंपाला फक्त नळ्यांचे व फिल्टरमधल्या मालाचे, म्हणजे पाणी गाळणाऱ्या थरांचे, घर्षण सोसावे लागते. ही धार हवेने तुटते, आणि बहुतेक बिघाड तिथूनच सुरू होतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे संपसाठी (टाकीखालच्या उघड्या फिल्टर-टाकीसाठी) केलेल्या ओव्हरफ्लो कप्प्याला, म्हणजे काठावरून सांडणाऱ्या पाण्याने भरणाऱ्या टाकीतल्या खणाला, कॅनिस्टर जोडणे. १८० × ६० सेंमी पृष्ठभागाच्या टाकीतून उन्हाळ्यात दिवसाला ४ मिमी पाणी उडाले, तर ४.३ लिटर गेले. टाकीची पातळी कप्प्याच्या काठापाशी कायम राहते, त्यामुळे सगळी घट कप्प्यात दिसते. कप्पा २० × २० सेंमीचा असेल, तर त्यातले पाणी एका दिवसात सुमारे ११ सेंमी उतरते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पंप हवा खातो आणि डब्यातून खडखडाट ऐकू येतो. कॅनिस्टरचे भोक टाकीच्या मुख्य पाण्यातच हवे.

ते किती खोल घ्यायचे, यावर नळी निसटल्यास घरात किती पाणी येणार ते ठरते. वरील मापाच्या टाकीत दर सेंटिमीटरला १०.८ लिटर पाणी असते. मागच्या काचेत पातळीखाली १२ सेंमीवर भोक घेतले, तर नुकसान सुमारे १३० लिटरवर थांबते. तळात घेतले, तर अख्खी टाकी जाते. पण आत एल्बो (काटकोनी जोड) लावून नळी तळापर्यंत सोडली, की भोक उंचावर असूनही पाणी नळीच्या तोंडापर्यंत ओढले जाते. म्हणून घेण्याच्या व परतीच्या दोन्ही एल्बोंना वरच्या बाजूस ६ मिमीचे छिद्र पाडतात. पातळी तिथवर आली की हवा शिरते आणि ओढ तुटते. शेवाळाने ते बुजते, तेव्हा दर सफाईला काडी घालून मोकळे करावे.

टफन (तापवून कडक केलेल्या) काचेला भोक पडत नाही. ती चुरा होऊन कोसळते. साध्या काचेला हिऱ्याच्या होल-सॉने, कमी वेगात, शाडूचे आळे करून त्यात पाणी ठेवून भोक पाडावे. शेवटच्या दोन मिलिमीटरला हात हलका ठेवावा, नाहीतर मागून टवका उडतो. भोकाची कड काचेच्या कडेपासून निदान भोकाच्या व्यासाइतकी दूर हवी. निपल आधी विकत घ्यावे, त्याची मान मोजावी आणि भोक एक-दोन मिमी मोठे करावे. रबरी वॉशर निपलच्या कॉलरखाली, म्हणजे पाण्याच्या बाजूला बसतो. नुसता नटाकडे टाकला, तर पाणी आट्यांतून वाट काढते. नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा पुरे. पान्याने आवळणारा काच फोडतो.

सांगलीत, विशेषतः तासगाव-मिरजेच्या द्राक्षपट्ट्यात, ठिबकची दुकाने मुबलक असल्याने जोडसामान तिथूनच आणले जाते. मापे मात्र फसवतात. ठिबकच्या १६ मिमी लॅटरलचा (पिकाच्या ओळीत टाकायच्या नळीचा) १६ हा बाहेरचा व्यास, तर १६/२२ कॅनिस्टर नळीचा १६ हा आतला. त्यामुळे ठिबकचा जोड या नळीत सैल बसतो आणि क्लिप कितीही आवळली तरी झिरपतो. शेतीचा २५ मिमी पाइपही घरगुती पाऊण इंची फिटिंगमध्ये बसत नाही. शेतीच्या पाइपचा बाहेरचा व्यास २५ मिमी, तर घरगुती पाऊण इंची पीव्हीसी पाइपचा २६.७ मिमी असतो. खरेदीला नळीचा तुकडा खिशात ठेवावा. पितळी व्हॉल्व्ह टाळावेत, कारण तांबे कोळंबीला व गोगलगायींना मारते.

निपलनंतर बॉल व्हॉल्व्ह, मग युनियन (हाताने फिरवून सुटणारा जोड), मग होज निपल (नळी चढवायचे तोंड), आणि शेवटचा हातभर भाग मऊ नळीचा. सरळ पीव्हीसी डब्यापर्यंत नेला, तर पंपाची थरथर काचेला पोचते. सॉल्व्हंट (पीव्हीसीचा चिकटद्रव) लावल्यावर २४ तास पाणी भरू नये. प्रवाह कमी करायचा तर परतीच्या व्हॉल्व्हने. घेण्याचा व्हॉल्व्ह आवळला, की पंप उपाशी राहून पाण्यातली हवा बुडबुड्यांनी सुटते. दोन कॅनिस्टर असतील, तर चार भोके घ्यावीत. एका टी-जोडावर दोघे ठेवले, की बलवान पंप दुसऱ्याचा वाटा ओढतो.

युनियनचा खर्च वसूल होतो तो पुराच्या दिवसांत. २००५, २०१९ व २०२१ ला कृष्णेचे पाणी शिरलेल्या सखल भागात टाकी हलत नाही, पण दोन्ही व्हॉल्व्ह मिटून फिल्टर काही मिनिटांत माडीवर नेता येतो. लांबलेल्या वीजबंदीत बंद डब्यातले जिवाणू प्राणवायूअभावी मरतात. काही तास वीज नव्हती, तर पंप तसाच सुरू करू नये. आधी डबा उघडून वास घ्यावा; सडक्या अंड्यासारखा आला, तर ते पाणी ओतून द्यावे, माल टाकीच्याच पाण्यात खळबळावा आणि मगच व्हॉल्व्ह उघडावेत.