हॅम रिपीटरवरील व्यत्यय: ॲनालॉग व डिजिटल

हॅम रेडिओचा, म्हणजे परवानाधारक हौशी लोकांच्या रेडिओचा, रिपीटर म्हणजे डोंगरमाथ्यावर किंवा उंच इमारतीवर बसवलेले असे केंद्र, जे हँडसेटचा क्षीण सिग्नल एका फ्रिक्वेन्सीवर घेते आणि त्याच वेळी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोमाने प्रसारित करते. भारतात हॅमना खुल्या असलेल्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या दोन मीटर बँडवर या दोहोंत बहुधा ६०० किलोहर्ट्झचे अंतर असते.

ॲनालॉग म्हणजे एफएम रिपीटरवर व्यत्यय कानाला कळतो. सिग्नल पडू लागला की आधी खरखर वाढते, मग शब्द तुटतात, तरी सरावलेला ऑपरेटर त्यातूनही कॉलसाइन (स्टेशनची ओळख) उचलतो. एकाच वेळी दोघे बोलले तर एफएम रिसीव्हर वरचढ सिग्नल धरतो आणि दुसरा दाबून टाकतो. दोघे तुल्यबळ असले तर शिट्टी नाहीतर घोगरा गोंधळ. दोष शोधायला हाच आवाज कामी येतो. वीजवाहिनीवरच्या ठिणग्यांची गुणगुण वेगळी, इंटरमॉड्युलेशनमधून, म्हणजे दोन सिग्नल एकमेकांत मिसळून, घुसलेले परके बोलणे वेगळे, कुणाचे बोलण्याचे बटण (पीटीटी) दाबलेले राहिले तर ते वेगळे. जुन्या हॅमला यासाठी मीटर लागत नाही.

८८.५ हर्ट्झसारखा सबटोन, म्हणजे बोलण्याखाली दडलेला ओळखीचा सूर, लावला की व्यत्यय गेला, हा समज मात्र चुकीचा आहे. टोन नसलेला सिग्नल पुढे प्रसारित होत नाही एवढेच. रिसीव्हरच्या तोंडाशी तो असतोच आणि दूरच्या स्टेशनला बुडवतोच. डीएमआर या डिजिटल पद्धतीत तेच काम करणाऱ्या ० ते १५ कलर कोडचेही तेच.

डी-स्टार, डीएमआर, सिस्टिम फ्यूजन या डिजिटल पद्धतींत आवाजाचे बिट होतात आणि त्यांच्यासोबत चुका दुरुस्त करणारे जादा बिट जातात. डीएमआरच्या व्होकोडरमध्ये (आवाजाचे बिट करणाऱ्या भागात) सेकंदाला ३६०० बिटांपैकी ११५० त्यासाठीच असतात. त्यामुळे एफएमवर वैताग आणणारी खरखर येथे ऐकूच येत नाही. पण चुका आवाक्याबाहेर गेल्या की आवाज यंत्रमानवासारखा गुरगुरतो आणि लगेच बंद पडतो; मधला उतार जवळपास नाहीच. शिवाय डीएमआर एकाच १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनेलवर ३० मिलिसेकंदांच्या आळीपाळीने दोन संभाषणे चालवते, म्हणून सतत चालू राहिलेला एखादा परका कॅरियर (नुसती रेडिओ लहर) दोन्ही एकदम घालवतो.

डिजिटल तंत्र व्यत्ययाला जास्त तोंड देते, हे म्हणणे म्हणूनच अर्धे खरे. सौम्य गोंगाटात ते सरस ठरते, पण बिघाडाचे कारण ते सांगत नाही. रिपीटरचा स्वतःचा ट्रान्समीटर आपल्याच रिसीव्हरला बधिर करतो तेव्हा हे चांगलेच जाणवते. एकाच अँटेनावर ट्रान्समीटर व रिसीव्हर वेगळे ठेवणाऱ्या डुप्लेक्सरची कॅव्हिटी (फिल्टरची पोकळी) ट्यूनिंगमधून सरकली, तर एफएमवर ट्रान्समीटर चालू होताच क्षीण सिग्नलमागची खरखर उसळते. डिजिटलवर नुसता पल्ला घटतो आणि दोष बिचाऱ्या हँडसेटला मिळतो. अशा वेळी बिट एरर रेट (चुकीच्या बिटांचे प्रमाण) आणि सिग्नलची पातळी एकत्र पाहावी लागते: पातळी भरपूर, तरी चुका जास्त, तर व्यत्ययाचा संशय घ्यावा. सोय असेल तेथे रिपीटर थोडा वेळ एफएमवर टाकून इनपुट ऐकले की उलगडा लवकर होतो.