राष्ट्रीय दालन, जागतिक प्रदर्शनातील

जागतिक प्रदर्शनात सहभागी राष्ट्राने स्वतः बांधलेली किंवा आयोजकांकडून घेतलेली, बहुधा तात्पुरती वास्तू. बोलण्यात ‘पॅव्हिलियन’ हा शब्द रूढ आहे. ‘दालन’ म्हणजे इमारतीतील एक भाग, आणि प्रारंभीच्या प्रदर्शनांना तोच अर्थ अधिक लागू पडतो : लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनात सर्व देश क्रिस्टल पॅलेस या एकाच काचेच्या इमारतीत मांडलेले होते.

स्वतंत्र वास्तूची प्रथा नेमकी केव्हा पडली, याबद्दल एकमत नाही. सामान्यतः पॅरिसचे १८६७ चे प्रदर्शन आरंभबिंदू मानतात. तेथेही मुख्य मांडणी एकाच लंबवर्तुळाकार इमारतीत होती. मात्र सभोवतालच्या उद्यानात ईजिप्त, ट्युनिस, ऑस्मानी साम्राज्य इत्यादींनी आपापल्या शैलीच्या वास्तू उभारल्या. त्या मुख्य मांडणीला पूरक होत्या, या कारणाने काहीजण १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनातील ‘राष्ट्रांचा रस्ता’ हा खरा आरंभ समजतात. परंतु तेथे ओळीने उभे होते ते प्रामुख्याने दर्शनी भाग. मागची इमारत सामायिकच होती. सीन नदीकाठी १९०० मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय वास्तूंची रांग लागली, तेव्हा प्रथा स्थिरावलेली दिसते. वास्तू सुटी असणे हा निकष धरल्यास १८६७ हे वर्षच अधिक ग्राह्य वाटते.

प्रदर्शनांचे नियमन १९२८ च्या पॅरिस करारानुसार स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संस्था करते. मानवजातीसमोरील प्रश्न व पर्यावरण यांना या संस्थेच्या १९९४ च्या ठरावाने प्राधान्य मिळाले आणि हॅनोव्हर येथे २००० मध्ये त्याचा परिणाम बांधकामात उतरला. वास्तुविशारद शिगेरू बान यांनी जर्मन वास्तुविशारद फ्राय ऑटो यांच्या सहकार्याने जपानचे दालन पुनर्चक्रित कागदाच्या नळ्यांचे केले. अर्थात स्थानिक बांधकाम नियमांमुळे लाकडी आधार जोडावा लागला. वास्तुविशारद पीटर झुम्टोर यांच्या स्विस दालनात २० × १० सेंमी. छेदाच्या तुळया खिळे वा गोंद न वापरता एकावर एक रचून पोलादी सळया व स्प्रिंगांनी ताणून धरल्या होत्या. लाकूड न भोसकल्यामुळे ते नंतर विकता आले. उत्तम दालनाची कसोटी येथेच लागते, प्रदर्शनाचे दार बंद झाल्यावर. शांघाय येथे २०१० मध्ये भारताने सांचीच्या स्तूपावरून सुचलेला बांबूचा घुमट उभारला होता.

ओसाका येथे २०२५ मध्ये स्वतः बांधलेली, आयोजकांनी बांधून दिलेली व सामायिक असे दालनांचे प्रकार होते. पाच नॉर्डिक (उत्तर युरोपीय) देशांचे मिळून एकच दालन होते. लॅटव्हिया व लिथुएनिया यांचेही तसेच.