सिनेट परराष्ट्र संबंध समिती आणि राजदूतांच्या नेमणुका

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या सिनेटची एक स्थायी समिती. राष्ट्राध्यक्षांनी राजदूतपदासाठी सुचविलेल्या व्यक्तींची सुनावणी घेऊन त्यांची नावे शिफारशीसह सभागृहाकडे पाठविणे, हे तिच्या प्रमुख कामांपैकी एक. तह आणि परराष्ट्र खात्याविषयीचे कायदेही तिच्याच कक्षेत येतात. येथे नेमणुकांपुरताच विचार केला आहे.

संविधानाच्या दुसऱ्या अनुच्छेदातील दुसऱ्या कलमानुसार राष्ट्राध्यक्ष राजदूत, इतर वकील (म्हणजे परदेशी पाठविलेले सरकारी प्रतिनिधी) व कॉन्सल (परदेशांत व्यापाराची व नागरिकांची कामे पाहणारे अधिकारी) यांची नावे सुचवितात आणि सिनेटच्या ‘सल्ल्याने व संमतीने’ त्यांची नेमणूक करतात. हा शब्दप्रयोग आला कोठून, याविषयी बरेच लिहिले गेले आहे. फिलाडेल्फिया येथील संविधान परिषदेपुढे ६ ऑगस्ट १७८७ रोजी आलेल्या मसुद्यात राजदूत नेमण्याचा अधिकार एकट्या सिनेटकडे होता. ४ सप्टेंबर रोजी अकरा सदस्यांच्या समितीने तो विभागला : नाव राष्ट्राध्यक्षांनी सुचवावे, संमती सिनेटने द्यावी. मॅसॅचूसेट्सच्या १७८० च्या संविधानात गव्हर्नर व त्याचे सल्लागार मंडळ यांच्यात अशीच व्यवस्था होती. मॅसॅचूसेट्सचे प्रतिनिधी नाथानिएल गोरम यांनी १८ जुलै रोजी न्यायाधीशांच्या नेमणुकीसाठी हाच नमुना परिषदेपुढे ठेवला होता. त्यामुळे मूळ मॅसॅचूसेट्सचे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

‘सल्ला’ या शब्दाचा अर्थ मात्र वादग्रस्त राहिला. नाव पाठविण्यापूर्वीच सिनेटशी विचारविनिमय व्हावा, असे एक मत. दुसरे मत असे की, निवड राष्ट्राध्यक्षांचीच. सिनेटने ती स्वीकारावी किंवा नाकारावी. संविधानाचे पुरस्कर्ते अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७८८ मध्ये हीच बाजू मांडली. परराष्ट्रमंत्री टॉमस जेफर्सन यांनी २४ एप्रिल १७९० रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांना दिलेल्या अभिप्रायात एक पाऊल पुढे जाऊन म्हटले की, सिनेटला व्यक्ती नाकारता येते, वकिलाचा दर्जा ठरविता येत नाही. प्रत्यक्ष व्यवहार दुसऱ्या मताकडे झुकलेला दिसतो. पण सिनेटने ते निमूटपणे मान्य केले असे नाही. लंडन, पॅरिस व हेग येथील वकिलातींसाठी नावे आली तेव्हा, १७९१-९२ च्या हिवाळ्यात, कायमस्वरूपी वकिलाती हव्यातच कशाला, असा प्रश्न सिनेटमध्ये उपस्थित झाला होता.

समितीपद्धतीची सुरुवात सांगताना २२ ऑगस्ट १७८९ चा प्रसंग बहुधा दिला जातो. क्रीक या मूळ अमेरिकी जमातीशी करावयाच्या तहाबाबत सल्ला घेण्यासाठी वॉशिंग्टन स्वतः सिनेटमध्ये आले. कागदपत्रे समितीकडे सोपवावीत अशी सूचना येताच ते नाराज झाले. या हकीकतीचा मुख्य आधार म्हणजे पेन्सिल्व्हेनियाचे सिनेटर विल्यम मॅक्ले यांची रोजनिशी. मॅक्ले राष्ट्राध्यक्षांच्या थाटमाटाचे विरोधक होते, हे ती वाचताना ध्यानात ठेवणे इष्ट. दोन दिवसांनी वॉशिंग्टन पुन्हा आले व काम पूर्ण झाले, हा भाग पुष्कळदा गाळला जातो. त्यानंतरही काही काळ तात्पुरत्या समित्याच नेमल्या जात; स्थायी समिती १० डिसेंबर १८१६ च्या ठरावाने अस्तित्वात आली. व्हर्जिनियाचे जेम्स बार्बर तिचे पहिले अध्यक्ष.

एकोणिसाव्या शतकात नेमणुकांची चर्चा सामान्यतः बंद दारांआड होई. जानेवारी १८३२ मध्ये ब्रिटनमधील वकील म्हणून मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांचे नाव उपराष्ट्राध्यक्ष कॅल्हून यांच्या निर्णायक मताने फेटाळले गेले. व्हॅन ब्यूरेन तेव्हा लंडनला पोहोचून काम पाहत होते. (‘राजदूत’ हा दर्जा अमेरिकेने १८९३ पासून देण्यास सुरुवात केली; तोपर्यंत तिचे प्रतिनिधी ‘मिनिस्टर’ असत.) १९२९ च्या नियमबदलाने नेमणुकांवरील सभागृहातील चर्चा सर्वसाधारणपणे खुली झाली. उमेदवाराने समितीपुढे बसून उत्तरे देण्याचा प्रघात मात्र साधारणतः दुसऱ्या महायुद्धानंतर रुळला.

सुनावणीचे महत्त्व १९५७ च्या एका प्रसंगावरून कळते. सिलोनसाठी (आजची श्रीलंका) सुचविलेले व्यापारी मॅक्सवेल ग्लक यांना सिनेटर फुलब्राइट यांनी त्या देशाच्या पंतप्रधानांचे नाव विचारले. बंडारनायके हे नाव त्यांना सांगता आले नाही. ग्लक यांना संमती मिळाली, पण निवडणूक निधीला देणगी देणाऱ्यांना वकिलाती मिळतात हा जुना आक्षेप जाहीरपणे नोंदला गेला. १९८० च्या परराष्ट्र सेवा कायद्याने देणगी हा नेमणुकीचा निकष नसावा असे म्हटले आणि उमेदवाराने स्वतःच्या व निकटच्या कुटुंबीयांच्या राजकीय देणग्यांचे विवरण समितीला देणे आवश्यक केले. देणगीदारांच्या नेमणुका त्याने थांबल्या नाहीत. पण प्रश्न विचारण्यासाठी सिनेटरांच्या हाती कागद आला.

समितीचा खरा अधिकार नकारात नसून विलंबात आहे. सुनावणी केव्हा ठेवायची, हे मुख्यतः अध्यक्षाच्या हाती असते. १९९७ मध्ये अध्यक्ष जेसी हेल्म्स यांनी मेक्सिकोसाठी सुचविलेल्या विल्यम वेल्ड यांची सुनावणी घेण्याचे नाकारले. दोघेही रिपब्लिकन. बहुसंख्य सदस्यांच्या मागणीवरून १२ सप्टेंबरला बैठक भरली, परंतु हेल्म्स यांनी तीत वेल्ड यांचा विषय घेऊ दिला नाही. तीन दिवसांनी वेल्ड यांनी माघार घेतली. एका सदस्याने संपूर्ण सभागृहाचा निर्णय अडवावा, हे ‘संमती’च्या मूळ कल्पनेशी विसंगत आहे. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांतील प्रतिनिधी म्हणून जॉन बोल्टन यांचे नाव समितीने शिफारशीविनाच पुढे पाठविले; सभागृहात मतदान अडल्यावर राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सिनेटच्या सुटीच्या काळात त्यांना नेमले.

भारताला या विलंबाचा अनुभव आहे. येथील राजदूतपदासाठी एरिक गार्सेटी यांचे नाव जुलै २०२१ मध्ये सुचविले गेले व डिसेंबरमध्ये सुनावणी झाली. पुढे सभागृहात मतदानच न झाल्याने जानेवारी २०२३ मध्ये ते नाव राष्ट्राध्यक्षांकडे परत गेले व पुन्हा पाठवावे लागले. समितीने १३ विरुद्ध ८, तर सिनेटने १५ मार्च २०२३ रोजी ५२ विरुद्ध ४२ मतांनी संमती दिली. दिल्लीतील पद तोपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ रिक्त होते.

भारतात राजदूतांची नेमणूक हा कार्यकारी सत्तेचा विषय असून तीस संसदेची संमती लागत नाही. १९९३ मध्ये सुरू झालेल्या संसदेच्या विभागसंलग्न (एकेका मंत्रालयाचे काम पाहणाऱ्या) स्थायी समित्यांपैकी परराष्ट्र व्यवहार समिती मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या तपासते व परराष्ट्र सचिवांना साक्षीस बोलावते. दैनंदिन प्रशासन मात्र नियमानेच तिच्या कक्षेबाहेर आहे आणि तिच्या बैठका बंद दारांआड होतात.