इंग्लंडच्या कोठारांत दुकानं कशी आली

इंग्लंडमध्ये कॉट्सवोल्ड्स किंवा नॉर्फोकच्या बाजूला मुख्य रस्ता सोडून आत वळलं, की शेताच्या कडेला एखादी पाटी दिसते : जुन्या वस्तू, हस्तकला, चहा. पाटीच्या मागे दगडाचं नाहीतर काळ्या फळ्यांचं उंच छपराचं कोठार असतं. आत एका गाळ्यात कुंभार चाकावर बसलेला असतो, शेजारी कुणी चांदीवर काम करत असतं, आणि उरलेल्या जागेत दुधाचे जुने कॅन, घोड्यांच्या साजावरची पितळी पदकं, पाइन लाकडाची कपाटं, फुलाफुलांच्या कपबश्या. लंडनहून गाडी काढून जाणाऱ्या आपल्या मराठी मंडळींच्या सहलींतही अशी ठिकाणं असतात. बहुतेक जण कॉफी पिऊन, एखादा मग विकत घेऊन परततात. माझं म्हणणं एवढंच, की तिथली इमारत आणि तिथला माल यांचा इतिहास एकच आहे. ज्या बदलांनी ते कोठार रिकामं केलं, त्यांनीच त्या वस्तूही शेतातून हद्दपार केल्या.

आधी कोठाराचं बघू. आपल्याकडे मळणी उघड्या खळ्यावर होते, कारण सुगीला आभाळाचा बराचसा भरवसा असतो. इंग्लंडात गहू कापायचा ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि पाऊस कोणत्याही दिवशी. त्यामुळे कापलेल्या पेंढ्या थेट छपराखाली न्यायच्या आणि हिवाळाभर थोड्या थोड्या करून झोडायच्या, अशी तिथली रीत. म्हणजे खळं आणि कोठार एकाच छपराखाली. मधल्या खणात घट्ट जमिनीचं किंवा फळ्यांचं खळं, दोन्ही बाजूंच्या खणांत झोडायच्या पेंढ्यांच्या आणि झोडून उरलेल्या काडाच्या गंजी. खळ्याच्या समोरासमोरच्या भिंतींत दोन मोठी दारं. त्यातलं एक भरलेली घोडागाडी आत यावी इतकं उंच. दोन्ही दारं उघडली की वारा आरपार जायचा आणि त्या वाऱ्यावर धान्य उफणलं जायचं. भिंतींतल्या अरुंद उभ्या फटी हवेसाठी. काही कोठारांच्या छपराखालच्या त्रिकोणी भिंतीत घुबडासाठी मुद्दाम ठेवलेलं भोक असतं. घुबड आलं की उंदीर कमी.

आज दुकानात शिरताना समोर जी प्रचंड काच लागते, ती बहुतेक वेळा याच गाडीदाराच्या जागी बसवलेली असते. आत गेल्यावर माल बघण्याआधी थोडं वर आणि खांबांकडे बघावं. जुन्या लाकडी सांगाड्यांत जोडांच्या जवळ सुतारांनी कोरलेल्या खुणा सापडतात, बऱ्याचदा रोमन आकड्यांसारख्या. सांगाडा आधी जमिनीवर जुळवायचा, प्रत्येक जोडाला खूण करायची, मग सुटा करून जागेवर उभा करायचा, त्यासाठी हे आकडे. कुठे कुठे कर्कटकाने कोरलेलं सहा पाकळ्यांचं फूलही दिसतं. धान्याला वाईट शक्तींची बाधा होऊ नये म्हणून ते कोरलं जाई, असं अभ्यासक मानतात.

अशा कोठारांपैकी सर्वांत भव्य कोठारं मठांची आणि मोठ्या जमीनदार संस्थांची. एसेक्समधल्या क्रेसिंग टेम्पल इथलं बार्लीचं कोठार तेराव्या शतकाच्या सुरुवातीचं, टेम्पलर या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या संघाचं. ऑक्सफर्डशायरमधलं ग्रेट कॉक्सवेल तेराव्या शतकाच्या अखेरचं, ब्यूली मठाचं. हीथ्रो विमानतळाच्या उत्तरेला, धावपट्टीपासून फार लांब नाही अशा हार्मंड्सवर्थ गावातलं कोठार १४२६-२७ साली विंचेस्टर कॉलेजने बांधलं. ते जवळजवळ ५८ मीटर लांब आहे, १२ खणांचं. कवी जॉन बेट्जमन त्याला मिडलसेक्सचं कॅथीड्रल म्हणत. अशा प्रत्येक मोठ्या कोठाराला माहितीपत्रकांत सरसकट ‘टाइद बार्न’, म्हणजे चर्चला द्यायच्या दशांश धान्याचं कोठार, म्हटलं जातं. ते बऱ्याचदा चुकीचं असतं. ग्रेट कॉक्सवेल आणि हार्मंड्सवर्थ ही मालकांच्या स्वतःच्या शेतीच्या धान्याची कोठारं होती. दशांशाची पद्धतही १८३६च्या कायद्याने रोख रकमेत बदलली आणि त्यासाठी बांधलेल्या कोठारांचं ते काम संपलं.

पण खरा घाव यंत्राचा. स्कॉटलंडच्या अँड्र्यू मीकलने १७८६च्या सुमारास मळणीयंत्र तयार केलं. तोवर मजूर चामड्याच्या वादीने जोडलेल्या दोन दांडक्यांनी पेंढ्या झोडत. काम कंबर मोडणारं, पण हिवाळ्यात शेतावर दुसरं काही नसताना तेच घर चालवायचं. यंत्राने नेमकी तीच मजुरी काढून घेतली. ऑगस्ट १८३०मध्ये केंट परगण्यात मजुरांनी मळणीयंत्रं फोडायला सुरुवात केली आणि काही महिन्यांत दक्षिण इंग्लंडभर वणवा पसरला. मालकांना धमकीची पत्रं जात, खाली सही ‘कॅप्टन स्विंग’ या काल्पनिक नावाची. सरकारने १९ जणांना फाशी दिलं आणि जवळपास ५०० जणांना जहाजात घालून ऑस्ट्रेलियाच्या वसाहतींत पाठवलं. कोठारातल्या शांत, सुगंधी मेणबत्त्यांच्या दुकानात उभं असताना हे आठवणं मला गरजेचं वाटतं. त्या जमिनीवर लोकांचं पोट होतं.

पुढे १८४६ साली धान्यावरचे संरक्षक आयातकर रद्द करणारा कायदा झाला, आणि १८७०नंतर रेल्वे व आगबोटींमुळे अमेरिकन गहू इतका स्वस्त येऊ लागला, की इंग्लंडची गव्हाची शेती पार खचली. मजूर शहरांकडे आणि परदेशी गेले. गावातले लोहार, गाडी बनवणारे सुतार, टोपल्या विणणारे यांची गिऱ्हाइकं आटली.

नेमक्या याच काळात शहरातल्या काही लोकांची नजर गावाकडे वळली. कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस यांनी १८७१ साली केल्म्सकॉट गावातलं जुनं घर भाड्याने घेतलं. ग्रेट कॉक्सवेलचं कोठार तिथून जवळच. मॉरिस त्याला कॅथीड्रलच्या तोडीचं मानत आणि पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला नेत. १८७७ साली त्यांनी जुन्या इमारती वाचवण्यासाठी संस्था स्थापन केली. तिचा आग्रह असा, की जुन्या इमारतीची निगा राखा, डागडुजी करा, पण तिला ‘पूर्वीसारखी’ करण्याच्या नादात तिचं खरं अंग खरवडून काढू नका. आजही कोठाराचं रूपांतर करणारा चांगला वास्तुशिल्पी याच तत्त्वाने चालतो.

मॉरिस यांच्या विचारांवर वाढलेले वास्तुशिल्पी अर्नेस्ट गिम्सन आणि बार्न्सली बंधू १८९३ साली लंडन सोडून कॉट्सवोल्ड्सला आले. या टप्प्यावर थोडं थांबायला हवं, कारण इथे शेतातली वस्तू पहिल्यांदा घराच्या सजावटीत शिरली, आणि तीही नीट समजून घेऊन. गिम्सन गाडी बनवणाऱ्या सुतारांचं काम निरखत. हे सुतार गाडीचं वजन कमी व्हावं म्हणून, जिथे ताण नाही तिथल्या लाकडाच्या कडा तासून काढत आणि जोडाजवळ लाकूड पूर्ण जाडीचं ठेवत. गिम्सन आणि सिडनी बार्न्सली यांच्या फर्निचरमध्ये तीच तासणी दिसते. त्यांच्या टेबलांच्या पायांना जोडणारी आडवी पट्टी टोकाला दोन फाट्यांत उघडते. ती वाळल्या गवताच्या दंताळ्यावरून घेतलेली. मूळ दंताळं आज व्हिंटेज दुकानाच्या भिंतीवर टांगलेलं असतं. ते टेबल संग्रहालयात असतं.

१९०२ साली वास्तुशिल्पी सी. आर. ॲशबी यांनी लंडनच्या ईस्ट एंडमधली आपली हस्तकारागिरांची संस्था चिपिंग कॅम्पडेन गावात हलवली. कुटुंबं धरून सुमारे दीडशे माणसं आली आणि बंद पडलेल्या रेशीम गिरणीत चांदीकाम, सुतारकाम, छपाई सुरू झाली. रिकामी ग्रामीण इमारत आणि आत काम करणारे कारागीर, ही आजच्या हस्तकला केंद्राची मांडणी तिथे पूर्ण दिसते. कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामी तेव्हा जवळच ब्रॉड कॅम्पडेनमध्ये राहत. मध्ययुगीन सिंहली कलेवरचा त्यांचा ग्रंथ ॲशबींच्याच छापखान्याच्या यंत्रावर छापला जाऊन १९०८ साली निघाला. संस्था मात्र त्याच वर्षी मोडली. शहरातली दुकानं तसाच दिसणारा माल यंत्रावर काढून स्वस्तात विकत होती, आणि गावात मागणी नसेल तेव्हा कारागिराला दुसरं काम मिळत नव्हतं. चांदीकाम करणारं हार्ट कुटुंब तिथेच टिकलं. त्यांची कार्यशाळा त्या जुन्या गिरणीत आजही चालू आहे.

पहिल्या महायुद्धानंतर सरकारही यात उतरलं. १९२१ साली ग्रामीण उद्योगांसाठी एक केंद्रीय संस्था निघाली. घोडे कमी झाले तेव्हा गावच्या लोहारांना वेल्डिंग आणि शेतीयंत्रांची दुरुस्ती शिकवण्याचं काम अशा प्रयत्नांतून झालं. डेव्हनमधल्या डार्टिंग्टन हॉलची गोष्ट आपल्या अधिक जवळची. शेतीतज्ज्ञ लेनर्ड एल्महर्स्ट १९२१च्या अखेरीस रवींद्रनाथ टागोरांच्या बोलावण्यावरून बंगालमध्ये आले आणि श्रीनिकेतनच्या ग्रामपुनर्रचनेचं काम त्यांनी उभं केलं. १९२५ साली त्यांनी आणि पत्नी डोरोथी यांनी डार्टिंग्टनची मोडकळीला आलेली जुनी वास्तू आणि शेतं विकत घेतली. शेती, शिक्षण, विणकाम, सुतारकाम, कुंभारकाम एकत्र नांदलं तर गाव पुन्हा उभं राहील, हा श्रीनिकेतनचाच धागा. तिथलं जुनं कोठार नाट्यगृह झालं. पुढे त्याच परिसरातल्या जुन्या शेतइमारतींत हस्तकलेच्या वस्तूंची दुकानं आली.

दुसऱ्या महायुद्धानंतरचा बदल सर्वांत वेगवान. कंबाइन हार्वेस्टर शेतातच कापणी आणि मळणी उरकू लागला. धान्य सुकवून लोखंडी कोठ्यांत जाऊ लागलं. नवे ट्रेलर जुन्या दारातून आत जाईनात, म्हणून शेजारी लोखंडी सांगाड्याच्या आणि सिमेंट पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. कामाचे घोडे गेले आणि त्यांचे साज खुंटीवर राहिले. १९७९ साली इंग्लंडमध्ये कॅनमधून दूध गोळा करणं बंद झालं आणि सगळीकडे टँकर आले. हजारो कॅन एका फटक्यात निरुपयोगी ठरले. आज त्यांत छत्र्या ठेवतात, फुलं लावतात.

शेत विकलं किंवा बंद झालं की लिलाव व्हायचा आणि दलाल अवजारांच्या ढिगावर बोली लावायचे. १९७०च्या दशकात स्वयंपाकघरातली आणि नोकरांच्या खोल्यांतली रंगवलेली पाइनची कपाटं कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवून रंग काढायचा धंदा जोरात आला. खरं तर ती कपाटं मुळात रंगवण्यासाठीच बनवलेली होती; हलक्या लाकडाचा पिवळसर उघडा पोत ही त्या दशकाची आवड. सोड्याने सरस सुटतो आणि जोड ढिले पडतात. म्हणून अशा दुकानात कपाट घेताना खण पूर्ण बाहेर ओढून कोपऱ्याचे सांधे हाताने हलवून बघावेत.

शेतकऱ्यावर कोठार भाड्याने द्यायची वेळ आणली ती १९८०च्या दशकाने. १९८४ साली युरोपीय समुदायाने दुधाच्या उत्पादनावर कोटा लावला. १९८८मध्ये धान्याची जमीन पडीक ठेवण्यासाठी पैसे मिळू लागले, आणि त्याच वर्षी शेतावर जोडधंदा काढायला अनुदानाची योजना आली. जास्त पिकवा म्हणणारं सरकार आता दुसरं काहीतरी करा म्हणत होतं. त्याच दशकात वारसा इमारतींच्या यादीची फेरतपासणी वेगाने झाली. १९८० साली लंडनचा फायरस्टोन कारखाना यादीत येण्याआधीच सुट्टीच्या दिवसांत घाईने पाडला गेला, त्यावरून उठलेल्या संतापाने या कामाला जोर मिळाला. यादीत आलेलं कोठार पाडता येईना, वापरता येईना, आणि छपराचा खर्च तर थांबत नव्हता.

कोठाराचं घर केलं तर पैसा सर्वाधिक, पण नुकसानही सर्वाधिक. झोपायच्या खोल्या म्हणजे भिंती आणि मजले, छपराला खिडक्या, धुराडं. जमिनीपासून शेंड्यापर्यंतची ती मोकळी पोकळीच कोठाराचा प्राण, आणि तीच चिरली जाते. दुकान, कार्यशाळा किंवा चहाघर त्या पोकळीला फारसा धक्का न लावता राहू शकतं. म्हणून वारसा जपणाऱ्यांचा कल नेहमीच अशा वापराकडे राहिला. नॉर्फोकमधल्या रॉक्सम बार्न्ससारखी केंद्रं याच वाटेने उभी राहिली.

२००१च्या लाळ्या-खुरकूत साथीत साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली आणि गावोगावच्या पायवाटा बंद झाल्या. पर्यटक येईनात तेव्हा गावांना कळलं, की आपली कमाई किती अंशी येणाऱ्या पाहुण्यांवर चालते. पुढे २०१३ साली शेतइमारतीचा व्यापारी वापर करायला आणि २०१४ साली तिचं घर करायला इंग्लंडमध्ये परवानगीची प्रक्रिया सोपी झाली. यादीतल्या वारसा इमारतींना ही सवलत नाही, पण यादीबाहेरच्या हजारो साध्या कोठारांना ती लागू पडते. घराचं उत्पन्न दुकानाच्या भाड्यापेक्षा कितीतरी जास्त असल्यामुळे कारागिरांचे गाळे टिकवणं अवघड होत चाललं आहे, आणि मला याची खरोखर चिंता वाटते. कुंभाराची भट्टी एकदा हलली की ती दुसरीकडे लागेलच असं नाही.

कला किती नाजूक धाग्यावर उभ्या आहेत, हे २०१७ साली निघालेल्या संकटग्रस्त हस्तकलांच्या ब्रिटिश यादीत दिसलं. त्या देशात नामशेष झालेल्या कलांमध्ये हाताने क्रिकेटचा चेंडू शिवण्याची कला होती, आणि दुसरी होती चाळण्या बनवण्याची : बीच लाकडाची पट्टी वाफेवर वाकवून गोल करायची आणि तिच्यात तारेची जाळी विणायची. मळणीनंतर कोठारात धान्य चाळायला लागायची तीच ही चाळणी. नव्या कारागिरांनी जुने नमुने अभ्यासून ती पुन्हा बनवायला घेतली आणि २०१९च्या यादीत ती नामशेषमधून अतिसंकटग्रस्त गटात आली. अशा चाळण्या आता बागकाम करणारे आणि कुंभार घेतात.