‘पब्लिक चार्ज’ या दोन शब्दांचा धाक: लॅटिनो कुटुंबांच्या मदतकेंद्रांची पार्श्वभूमी

अमेरिकेत लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या, स्थलांतरित कुटुंबांसाठी चालणारी मदतकेंद्रे आज जे काम करतात, त्याचा साचा मुख्यतः १९९६ नंतर पक्का झाला. त्याआधीही आधार होता. मेक्सिकन वस्त्यांत वर्गणीवर चालणारी ‘मुतुआलिस्ता’ मंडळे आजारपणात मदत करीत आणि अंत्यविधीचा खर्च उचलीत. १९४२ ते १९६४ या काळात करारावर आलेल्या शेतमजुरांच्या मागोमाग चर्च आणि फिरते दवाखानेही पोहोचले होते. परंतु सरकारी योजनांचे पात्रता-नियम उलगडून सांगणे हेच केंद्राचे मुख्य काम होऊन बसले, ते २२ ऑगस्ट १९९६ च्या कल्याण-सुधारणा कायद्यामुळे.

त्या कायद्याने ग्रीन कार्ड मिळालेल्या बहुतेकांनाही मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) सारख्या योजनांसाठी पहिली पाच वर्षे अपात्र ठरवले. परिणामी एकाच घरात अमेरिकेत जन्मलेले मूल पात्र, आई पाच वर्षांच्या रांगेत आणि कागदपत्रे नसलेला बाप कायमचा बाहेर, अशी विभागणी झाली. २००२ च्या कायद्याने कायदेशीर स्थलांतरित मुलांसाठी फूड स्टँप्सची, म्हणजे अन्नखरेदीसाठीच्या सरकारी मदतीची, पाच वर्षांची अट काढली, तर २००९ मध्ये मुले आणि गरोदर स्त्रियांच्या आरोग्यविम्याबाबत राज्यांना तशी मुभा मिळाली. अपवाद वाढले, तसे ते समजावून सांगणाऱ्या माणसाचे महत्त्वही वाढले.

सर्वाधिक गोंधळ मात्र ‘पब्लिक चार्ज’ या संज्ञेने घातला. सरकारी तिजोरीवर भार होऊ शकेल अशा व्यक्तीला प्रवेश नाकारण्याची तरतूद १८८२ पासून आहे आणि ग्रीन कार्डच्या अर्जालाही ती लागू होते, पण भार म्हणजे नेमके काय, हे कायद्याने सांगितले नाही. १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनी तो अर्थ रोख साहाय्यावर किंवा सरकारी खर्चाने दीर्घकाळ संस्थेत राहण्यावर मुख्यतः अवलंबून असण्यापुरता ठेवला. २०१९ च्या नियमाने फूड स्टँप्स, घरभाड्याची मदत आणि प्रौढांचे बहुतांश मेडिकेड त्यात ओढले, आणि ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक लाभ ही मर्यादा घातली. हिशेबही असा की एका महिन्यात दोन लाभ घेतले तर ते दोन महिने धरायचे. न्यायालयीन स्थगिती उठल्यावर २४ फेब्रुवारी २०२० रोजी नियम लागू झाला. त्या काळात ग्रीन कार्डचा अर्ज भरणाऱ्या मराठी अभियंत्यांना क्रेडिट स्कोअर मागणारा जो जाडजूड जादा फॉर्म आठवत असेल, तो याच नियमातला. त्यांना तो कटकटीचा वाटला, एवढेच.

लॅटिनो वस्तीत त्याचा अर्थ वेगळा झाला. मुलाला मिळणारी फूड स्टँप्सची मदत नवऱ्याच्या अर्जाला आड येईल का, असे विचारणाऱ्या बाईला ‘नाही’ हे खरे उत्तर होते, कारण कुटुंबीयांचे लाभ अर्जदाराच्या खात्यात धरले जात नव्हते. शाळेतले जेवण आणि बाळंतिणी व तान्ह्या मुलांची पोषण योजनाही नियमाबाहेर होती. तरीही नियम अंतिम होण्याच्या आधीच, २०१८ च्या अखेरीस झालेल्या पाहणीत, स्थलांतरित कुटुंबांतील साधारण सातांपैकी एका प्रौढाने भीतीपोटी स्वतः किंवा घरच्या कुणी लाभ टाळल्याचे सांगितले. नियमाचे समर्थक त्याला स्वावलंबनाची अट म्हणत. पण ज्यांच्यावर तो लागूच नव्हता तीही माणसे मागे हटली, हे त्या युक्तिवादात कुठेच बसत नाही.

मार्च २०२१ मध्ये सरकारने न्यायालयातील बचाव सोडल्याने नियम गळाला, आणि डिसेंबर २०२२ पासून जवळपास १९९९ चीच व्याख्या नियमाच्या रूपात परतली. केंद्रांना मात्र लोक परत आणण्यासाठी घरोघर फिरावे लागले. हे काम बहुतांशी ‘प्रोमोतोरां’नी केले: त्याच गल्लीत राहणाऱ्या, त्याच बोलीत बोलणाऱ्या आरोग्यसेविका, ज्यांच्या शब्दावर सरकारी पत्रकापेक्षा अधिक भरवसा ठेवला जातो.

जानेवारी २०२५ मध्ये शाळा, चर्च आणि रुग्णालयांत स्थलांतर-कारवाई शक्यतो टाळण्याचे धोरण मागे घेण्यात आले. ही केंद्रे चालतात ती नेमकी अशाच जागांत. त्यामुळे लॉस एंजेलिस आणि शिकागोसारख्या शहरांत काही ठिकाणी लोकांना रांगेत उभे करण्याऐवजी धान्याच्या पिशव्या दारापर्यंत पोहोचवण्याची पद्धत सुरू झाली.