चिनी भाषेत ‘संकट म्हणजे संधी’? नाही हो!

पगारवाढ गोठली, कपातीची कुजबुज सुरू झाली की साहेबांच्या मीटिंगमध्ये ती स्लाइड हमखास येते: ‘चिनी भाषेत संकट हा शब्द धोका आणि संधी मिळून बनतो.’ जॉन केनेडींनीही १९५९ च्या एका भाषणात हेच सांगितलं होतं. पण हे अर्धंच खरं.

शब्द आहे ‘वेईजी’. ‘वेई’ म्हणजे धोका, बरोबर. ‘जी’ मात्र इथे संधी नव्हे, तर कलाटणीचा नाजूक क्षण. संधीला म्हणतात ‘जीहुई’. विमानाला चिनीत ‘फेईजी’ म्हणतात, अक्षर तेच ‘जी’. म्हणून विमान काही ‘उडती संधी’ होत नाही!

आणि समोर बसलेल्याला व्युत्पत्ती नकोच असते. पुढच्या महिन्याचा पगार पूर्ण येणार का, एवढं सांगा.